शेवंतीची नऊ फुलं

पहिल्याच भेटीत मी त्या घराच्या पायरीवरून हाकलला गेलो. चूक माझीच होती, आणि ती मी अगदी प्रेमानं, हातवारे करून केली होती.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. अमेरिकेतल्या पार्सिपनीत माझी नोकरी नवी, लग्न नवं आणि गाडी जुनी. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, शेजारच्या गावात एका विधवा रशियन बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे. आम्ही दोघं नटूनथटून गेलो. दार उघडलं ते साठीकडे झुकलेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाईंनी. डोक्याला मोठ्या फुलांचा लोकरी रुमाल, हातांना पीठ. मी हर्षभरानं सुरू झालो, "तुम्ही रशियन ना? अहो, आम्ही तुमच्या गोष्टींवर वाढलो! मराठीत पुस्तकं यायची, स्वस्त आणि सुंदर! तुमच्या मासिकांच्या गुळगुळीत कागदाची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो! काय थोर माणसं तुम्ही!"

दार बंद झालं. आपटलं नाही. नुसतं बंद झालं, आणि आतून कडी.

"झालं?" बायको म्हणाली. "आता त्या मासिकातच संसार थाटू."

पाच मिनिटांनी दार फटीएवढं उघडलं. "मुली, तू आत ये," बाई बायकोला म्हणाल्या. "हा रशियन बाहेर थांबेल."

तो रशियन म्हणजे मी. नोव्हेंबरातल्या गारठ्यात मी अर्धा तास पायरीवर रशियन म्हणून उभा होतो. शेवटी मला आत घेण्यात आलं आणि भिंतीवरच्या नकाशासमोर उभं करण्यात आलं. बाईंनी पिठाचं बोट एका ठिकाणी टेकवलं. "हा माझा देश. युक्रेन. याच्यावर ते बसलेत. तुमच्यावर इंग्रज बसले होते ना? मग तुला कोणी इंग्रज म्हणालं तर चालेल?"

बायको म्हणाली, "म्हणा त्यांना इंग्रज. त्यांना आवडेल ते."

बाई पोट धरून हसल्या, आणि घर आम्हाला मिळालं. नकाशावर पिठाचा ठिपका मात्र तसाच राहिला. तो त्यांनी कधी पुसला नाही.

दुसऱ्या आठवड्यातच बायको त्यांना मावशी म्हणायला लागली. त्यांनी अर्थ विचारला. "आईची बहीण," बायको म्हणाली. बाईंनी हातातलं लाटणं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मी आहे ती. कुणाची तरी."

आतल्या खोलीत देवांच्या तसबिरी होत्या. त्यांच्यावर लाल-काळ्या भरतकामाचं, पंचासारखं लांब कापड सोडलेलं होतं आणि त्याखाली एक फोटो होता. धाकटी बहीण आणि तिच्या मांडीवर मुलगी. युद्धात जर्मनांनी मावशींना सतराव्या वर्षी शेतावर राबायला पकडून नेलं, तेव्हा बहीण चौदा वर्षांची होती. निघताना आईनं ते भरतकामाचं कापड उभं मधोमध फाडलं, एक पट्टा थोरलीच्या कमरेला गुंडाळला, एक धाकटीसाठी ठेवला. युद्ध संपलं आणि मावशी परत गेल्या नाहीत, कारण परत जाणाऱ्यांना गद्दार ठरवून थेट सैबेरियाला धाडत होते. निर्वासितांच्या छावणीत लग्न, मग अमेरिका, मग बटणांचा कारखाना. बहिणीला पाहून चाळीस वर्षं झाली होती. व्हिसासाठी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार. वर्षातून दोन पत्रं यायची, उघडून पुन्हा चिकटवलेली. त्या दोन पत्रांवर ही बाई जगत होती. माझ्या अनुभवात इतक्या कमी इंधनावर चालणारं यंत्र दुसरं नाही.

बाकीचं इंधन चर्चच्या तळघरात मिळत असे. दर शुक्रवारी तिथे वीस-पंचवीस बायका जमून बटाट्याच्या सारणाच्या करंज्या करत. त्यांचं नाव वेगळं होतं, पण करंज्याच त्या, फक्त तळायच्या ऐवजी उकळत्या पाण्यात सोडायच्या. त्या विकून जे येई त्यातून मायदेशी पार्सलं जात. लोकरी रुमाल, बूट, जीन्स, औषधं. मोठ्या फुलांच्या रुमालाला तिकडे इतकी मागणी होती, की एका रुमालात महिन्याची चूल पेटते असं म्हणत. माझी बायको एका शुक्रवारी सहज म्हणून गेली आणि तिनं करंजीच्या कडेला आपली मुरड घातली. एक म्हातारी उठली, तिनं ती करंजी उजेडात धरून पाहिली आणि दुसरीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या त्या?" बायकोनं घाबरून विचारलं.

"म्हणते, ही आपल्यातली दिसत नाही, पण हात आपल्यातला आहे," मावशी म्हणाल्या. त्या चर्चच्या महिला शाखेच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी तिथल्या तिथे बायकोला कडा वळायच्या टेबलावर बढती दिली.

शनिवारी त्याच तळघरात मुलांची शाळा भरे. शिकवायला एक मास्तर होते, सत्तरीचे, काटकुळे, टोपी न काढणारे. ते मुलांना तासभर नद्यांची नावं पाठ करायला लावत, आणि मुलं खाली वाकून एकमेकांशी इंग्रजीत बेसबॉलचं बोलत. मी हे आमच्या मराठी मंडळात हसून सांगितलं. तिथे शाळेच्या जिममध्ये गणपतीपुढे आरती चालू होती आणि आमची कार्टी मागे इंग्रजीत बेसबॉलचंच बोलत होती. माझं हसू तिथेच संपलं. पण आमच्यात आणि त्यांच्यात एक फरक होता. आमची मुलं भाषा विसरली तर आम्ही तिकीट काढून त्यांना आजीकडे सोडू शकत होतो. मास्तर एकदा म्हणाले, "आम्ही विसरलो तर विचारायला जायची जागाच नाही. तिकडे ती भाषा बोलायचीही आता भीती वाटते. आम्ही इथे रिकाम्या घराची किल्ली सांभाळतोय."

शहाऐंशीच्या वसंतात चेर्नोबिल झालं. बहिणीचं गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

टीव्हीवर तेच ते धुरकट चित्र पुन्हा पुन्हा दाखवत. मावशी खुर्ची टीव्हीला इतकी चिकटवून बसत, जणू त्या धुरामागे कुणी दिसेल. मी इंजिनिअर म्हणून तळघरातल्या सगळ्यांनी मला घेरलं. मी औषधांच्या कारखान्यात झडपा आणि नळ्या बघणारा माणूस. अणूचं मला तेवढंच कळे जेवढं त्या म्हाताऱ्यांना. पण समोर पन्नास डोळे. मी फळ्यावर चित्र काढून पाऊण तास व्याख्यान दिलं आणि शेवटी ठासून म्हणालो, "वारा दुसऱ्या दिशेला होता." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. घरी येताना गाडीत मावशी म्हणाल्या, "इंजिनिअर, तू छान बोललास. आता खरं सांग."

"मला माहीत नाही, मावशी."

"हं," त्या म्हणाल्या. "मलाही तेवढंच माहीत आहे."

बहिणीचं पुढचं पत्र आलं नाही. त्यानंतरचंही नाही. मावशींची पत्रं जात होती, उत्तर नव्हतं. दीड वर्ष गेलं. दीड वर्ष मावशींचा एकच प्रश्न होता: बहीण जिवंत आहे की नाही. दुसरं काही त्या मागतच नव्हत्या. भेट नको, पत्र नको, फक्त हो किंवा नाही.

सत्त्याऐंशीच्या शरदात मास्तर एक छापील पुस्तिका घेऊन धावत आले. तिकडून सरकारी लोकनृत्याचं पथक अमेरिकेत येणार होतं आणि आमच्या जवळच्या थिएटरात रविवारी दुपारी त्यांचा खेळ होता. नर्तिकांच्या यादीत एक नाव होतं, आणि पानावर नखाएवढा फोटो. मावशींनी भिंग लावलं. मांडीवरची ती मुलगी आता पंचवीस वर्षांची होती आणि चेहरा आईचा होता.

तुम्ही म्हणाल, मग काय, तिकीट काढा आणि जा. तिथेच तर सगळी गोम होती. हे पथक म्हणजे रशियन मालकानं बांधून आणलेला आपला पोपट, असं इथल्या लोकांचं मत. त्यामुळे प्रत्येक खेळाबाहेर फलक घेऊन निदर्शनं व्हायची, आणि या निदर्शनांच्या पुढारी होत्या महिला शाखेच्या अध्यक्ष, म्हणजे मावशी. शिवाय पथकाबरोबर सूटबूट घातलेले राखणदार असत. अध्यक्षबाईंची भाची आहे असं त्यांना कळलं असतं, तर त्या मुलीचा नाच तिथेच संपला असता. मावशींचा फोटो आधीच्या निदर्शनांत नक्कीच काढला गेला होता. आत जाणं शक्य नव्हतं, चिठ्ठी देणं शक्य नव्हतं. "कागद सापडतो," मास्तर म्हणाले.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मग त्या बायकोकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यावर ते संशय घेणार नाहीत. तुमचा देश त्यांचा मित्र आहे. शिवाय तुझा नवरा त्यांच्या पुस्तकांवर वाढलाय."

बेत ठरला. खेळ संपल्यावर प्रेक्षक रंगमंचावर फुलं देतात. आम्ही भारतीय जोडपं म्हणून जायचं, बायकोनं पैठणी नेसायची, भाचीच्या हातात गुच्छ द्यायचा. गुच्छाच्या देठांना मावशींच्या त्या कापडाची वीतभर पट्टी बांधायची. भाची त्याच कापडाच्या दुसऱ्या अर्ध्याखाली वाढली होती, ती ओळखणारच. आणि मी दोन शब्द म्हणायचे: "याक मामा?" आई कशी आहे? तिनं एका शब्दात उत्तर द्यायचं, ते मी कानात धरून बाहेर आणायचं.

तीन आठवडे मी त्या दोन शब्दांच्या तालमी केल्या. कॉलेजात एकांकिका केलेला माणूस मी. दाढी करताना, गाडी चालवताना, "याक मामा?" मावशी स्वयंपाकघरातून ओरडत, "तू आईची चौकशी करतोयस की राजाचा खून? साधं विचार!"

खेळाच्या दिवशी सकाळी मावशींनी अंगणातली शेवंती तोडली. हळदीसारखी पिवळी, एकेक फूल वाटीएवढं. नऊ फुलं. देठांना पट्टी बांधताना गाठ दोनदा सुटली, शेवटी ती मास्तरांनी मारली. मग त्या फलक घेऊन चर्चच्या बसमध्ये बसून पुढे गेल्या.

आम्ही मागून निघालो. गाडीत शेवंतीचा तो कडवट वास भरला होता. बायकोनं गुच्छ नाकाशी नेला आणि म्हणाली, "अहो, सात वर्षं झाली. सात वर्षांत मी शेवंतीची वेणी पाहिली नाही. पैठणी नेसलेय आणि अंबाडा असा मुंडा."

"मग घे की एक," मी म्हणालो. "नऊ काय नि आठ काय."

हे मी म्हणालो. तिनं नव्हे, मी. गेली कित्येक वर्षं ती म्हणते की फूल तिनं घेतलं, आणि मी म्हणतो की बोललो मी. या एका बाबतीत आमच्यात दोष स्वतःकडे ओढण्याची चढाओढ आहे.

थिएटरबाहेर शंभरेक माणसं होती. सगळ्यांत पुढे मावशी. आम्ही रांग ओलांडून दाराकडे निघालो तशी त्या गर्दीतून फुटून बाहेर आल्या आणि माझ्यावर ओरडल्या, "लाज नाही वाटत? रक्ताच्या हातांसाठी टाळ्या वाजवायला निघालास?" आणि माझ्या बुटावर थुंकल्या. हे आमच्या बेतात नव्हतं. बायकोनं माझी बाही घट्ट धरली. दारातला सूटवाला हसून आम्हाला म्हणाला, "म्हाताऱ्या वेड्या आहेत. इंदिया? वेलकम, वेलकम!" तेव्हा मला कळलं की रंगभूमीवरचा माणूस मी नव्हेच.

आत काय नाच झाला ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही. लाल बूट, रिबिनी, माणसं हवेत. बायको कुजबुजत होती, "डावीकडून तिसरी. तीच." शेवटी पडदा अर्धा आला, लोक फुलं घेऊन पुढे सरसावले. पैठणी पाहून आम्हाला वाट मिळाली. सूटवाल्यानंच बायकोला पायरीवर हात दिला.

बायकोनं भाचीच्या हातात गुच्छ ठेवला. मुलगी सवयीचं हसली. मग तिची नजर देठांवरच्या पट्टीवर गेली. मंडळी, चेहरा वाचण्याचा माझा मोठा दावा आहे, पण तो चेहरा वाचायला आंधळाही चालला असता. दिवा लागला त्यात. तिनं बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी अगदी साधं, शिकवल्याप्रमाणे म्हणालो, "याक मामा?"

तिचे ओठ उघडले. आणि मग तिची नजर फुलांवरून फिरली. एका फुलावरून दुसऱ्यावर, सावकाश, शेवटपर्यंत. ती शेवटच्या फुलावर पोचेपर्यंत तो दिवा विझला होता. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "याक मामा?" तिनं खोल वाकून उजव्या हातानं जमिनीला स्पर्श केला, सरळ झाली, आणि गुच्छ छातीशी धरून मागे सरकली. पडदा आला.

दोन गल्ल्या सोडून एका डोनटच्या दुकानामागे भेटायचं ठरलं होतं. मावशी आणि मास्तर आमच्या आधी पोचले होते. मावशींना धाप लागली होती.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही, मावशी. पट्टी ओळखली. नक्की ओळखली. पण मग..." मी जे पाहिलं ते सांगितलं. पहिल्यांदाच काही न वाढवता सांगितलं.

"रडली?"

"नाही. जमिनीला हात लावला."

मावशींना त्याचा उलगडा होईना. त्या मास्तरांकडे पाहू लागल्या. तेवढ्यात बायको गाडीतून त्यांच्यासाठी चहाचा थर्मास काढायला वाकली.

"हे फूल कुठलं?" मावशी म्हणाल्या.

"तुमचंच," बायको हसून अंबाड्याला हात लावत म्हणाली. "किती वर्षांनी माळलं, मावशी! आमच्याकडे याच्या वेण्या..."

मास्तरांनी टोपी काढली. सात वर्षांत त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आठ," मावशी म्हणाल्या. त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग आम्हाला म्हणाल्या, "आमच्यात जिवंत माणसाला फुलं देतात ती तीन, पाच, सात, नऊ. दोन, चार, आठ ही मेलेल्यांची. शवपेटीवर ठेवायची."

"पण तुम्ही सांगितलं नाहीत," मी कसंबसं म्हणालो. आहेरात पन्नासाला वर एक ठेवून एक्कावन्न करणारे आम्ही! आम्हाला अर्ध्या शब्दात कळलं असतं.

"काय सांगायचं त्यात? आग पोळते असं कोणी सांगतं का?" त्या पार्किंगमधल्या कठड्यावर बसल्या. "माझी पट्टी आणि आठ फुलं. म्हणजे मी मेले. ती माझ्यासाठी वाकली."

बायकोनं ते फूल ओरबाडायला हात वर नेला. मावशींनी तो धरला. "राहू दे. तुला शोभतं," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या, थुंकल्या असत्या खरोखर, तर बरं झालं असतं.

पथक दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात गेलं. मी रजा टाकून, नऊ फुलं सात वेळा मोजून, मास्तरांना घेऊन तिथे गेलो. त्या थिएटरात रंगमंचावर कुणालाच सोडत नव्हते. त्याच्या पुढचं शहर हजार मैलांवर होतं, आणि तिथून ते मायदेशी गेले.

मावशींनी बहिणीच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं: मी मजेत आहे, तब्येत उत्तम. फुलांचा उल्लेख करता येत नव्हता, भाचीचं नाव घेता येत नव्हतं. मग दुसरं पत्र. मग तिसरं. उत्तर नाही. चाळीस दिवसांनी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि गव्हाची गोड खीर वाढली. "आमच्यात चाळिसाव्या दिवशी मेलेल्याच्या नावानं जेवण असतं," त्या म्हणाल्या. "तिकडे आज माझं घालत असतील. घालणारी असली तर. खा, इंजिनिअर. स्वतःच्या तेराव्याला स्वतः वाढायचं भाग्य सगळ्यांना मिळत नाही." मी मोठ्यानं हसलो, कारण त्यांनी ते माझ्यासाठीच म्हटलं होतं. बायको पानावरून उठून गेली.

त्यानंतर दीड वर्ष पुन्हा तेच. शुक्रवारी करंज्या, शनिवारी नद्या.

एकोणनव्वदच्या वसंतात चर्चच्या पत्त्यावर भाचीचं पत्र आलं. तोवर तिकडची हवा थोडी सैल झाली होती. माणसं लिहायला धजत होती. पाकिटावर नुसतं गावाचं नाव आणि "युक्रेनियन चर्च". मास्तरांनी ते मावशींच्या स्वयंपाकघरात वाचून आम्हाला इंग्रजीत सांगितलं.

स्फोटानंतर गाव रिकामं केलं. तीन दिवसांसाठी चला म्हणाले, म्हणून आई अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढली. अमेरिकेचा पत्ता जुन्या पाकिटांवर होता आणि पाकिटं देवांच्या तसबिरींमागे राहिली. परत कुणाला जाऊ दिलं नाही. नव्या ठिकाणी आई माझ्याजवळ राहत होती. अमेरिकेच्या दौऱ्यात मला कळलं की मावशी वारली. मीच परत येऊन आईला सांगितलं. त्यानंतर ती दर रविवारी मावशीसाठी मेणबत्ती लावायची आणि म्हणायची, धाकटी मी, आधी माझा नंबर होता. या हिवाळ्यात आईही आजारानं गेली. आता दोघींसाठी एकत्र प्रार्थना कराल का?

मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"म्हणजे त्या दुपारी ती होती," मावशी म्हणाल्या.

"होती."

"आणि मग हिवाळ्यापर्यंत." त्या बोटांवर महिने मोजत होत्या. "पंधरा. पंधरा महिने ती माझ्यासाठी रडली आणि मी इथे बटाटे सोलत होते."

मास्तरांनी पेन काढलं. "आजच्या आज लिहू. तू जिवंत आहेस म्हणून. निदान पोरीला तरी मावशी मिळेल."

"नको."

"वेडी आहेस का?"

"नको म्हणते ना! बातमी कोणी नेली आईला? तिनं. आज मी लिहिलं, की बाई गं, मी तर मजेत आहे, तर ती पोर काय करेल? ती महिने मोजेल, मी मोजले तसे. आईला फुकट रडवलं, या हातांनी रडवलं, असं म्हणत जन्म काढेल. मी म्हातारी आहे, मला मेलेलं राहायला जमेल. तिला ते जमणार नाही."

मास्तर त्यांच्या भाषेत पुष्कळ ओरडले. मीही माझं सगळं वक्तृत्व पणाला लावलं. मावशी उठून भांडी घासायला लागल्या.

पण पार्सल पाठवायचं त्यांनी थांबवलं नाही. फक्त पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव घालता येत नव्हतं. तिथे माझ्या बायकोचं नाव आलं, आडनावासकट. तिकडच्या पोस्टातल्या कुणा कारकुनाला वाटलं असेल, अमेरिकेतल्या या हिंदुस्थानी बाईला लोकरी रुमालांचं काय वेड लागलंय. बरोबर चिठ्ठी होती: मी तुमच्या मावशीची भाडेकरू, तिच्या इच्छेप्रमाणे पाठवते आहे.

भाचीचं उत्तर बायकोच्या नावानं आलं. आभार मानले होते. आणि तीन प्रश्न होते. मावशी कशी गेली? तिला फार त्रास झाला का? शेवटी माझ्या आईबद्दल काही बोलली का?

रविवारी दुपारी आम्ही टेबलाशी बसलो. बायको इंग्रजीत लिहिणार, मास्तर नंतर त्यांच्या भाषेत उतरवणार. मजकूर मावशी सांगणार.

"लिही," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा घेतला. मग खुर्चीत डोळा लागला. त्यातच गेली."

"एवढंच?" मला राहवेना. "मावशी, चर्चमध्ये घंटा वाजत होत्या असं घाला. अंगणात बर्फ..."

"इंजिनिअर, मरण माझं आहे."

"निदान चर्चमधल्या बायकांनी गाणं म्हटलं असं तरी."

त्यांनी विचार केला. "गाणं चालेल. पण एकच. नाहीतर पोर रडेल." मग बायकोच्या खांद्यावरून कागदाकडे बघत म्हणाल्या, "त्रास झाला नाही असं लिही. दोनदा लिही."

बायकोनं दोनदा लिहिलं. शेवटचा प्रश्न उरला. पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि तिथे शाईचा एक डाग वाढत गेला. मावशी खिडकीबाहेर, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची मोटार धुतली जात होती तिकडे बघत होत्या.

"मावशी?" बायको म्हणाली. "काय लिहू? आईबद्दल बोलली का म्हणून विचारलंय."

"लिही, नाही."

"नाही?"

"शेवटी कुणाबद्दलच काही बोलली नाही, असं लिही. हो म्हटलं, तर ती विचारेल काय बोलली. आणि ते मला सांगता येणार नाही."

बायकोनं लिहिलं. मावशींनी कागद घेतला, चार घड्या घालून पाकिटात सरकवला, कडेला जीभ लावली आणि मूठ आपटून ते बंद केलं.